सुईचं टोक आणि डेन्मार्कचे पैसे

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर उसवलेल्या शिवणीसारखं वाकडंतिकडं जातं, ते आधीच सांगून ठेवते. ऱ्हस्व कुठे, दीर्घ कुठे हे शाळेत शिकवलं होतं, पण चौथीनंतर शाळा सुटली आणि तेही सुटलं. ही वही मी कुणाला दाखवणार नाहीये. तरी कुणाच्या हाती लागलीच, तर त्यानं चुकांना हसावं आणि पुढे वाचावं. मला तोंडानं सांगता येत नाही. चारजणींसमोर उभी राहिले की माझी जीभ टाळ्याला चिकटते. कामावर लागले तेव्हा पहिले काही महिने बायकांना मी मुकी वाटले होते. पण आज दुपारी आमच्या गाळ्यात जे झालं, त्यानं माझ्या छातीत अजून ढोल वाजतोय. ते कुठेतरी ओतायला हवं.

मी सुईवाली आहे. विक्रोळीला एका गाळ्यात लहान बाळांचे कपडे शिवतात. झबली, टोपरी, पायमोजे जोडलेले पायजमे. सगळा माल परदेशात जातो. तिथे मशीनवर बसणाऱ्या बायकांना सुया द्यायच्या आणि मोडलेल्या सुया परत घ्यायच्या, हे माझं काम. लोक विचारतात, हे काय काम झालं? सुई मोडली तर पेटीतून दुसरी घ्यावी!

तसं नसतं. मशीनची सुई मोडते तेव्हा तिचे दोन-तीन तुकडे होतात, आणि टोक कुठेही उडतं. ते कापडात घुसलं आणि कपडा तसाच पॅक झाला, तर तिकडे कुठल्यातरी आईनं तो बाळाला घातल्यावर काय होईल, हे मला लिहवतसुद्धा नाही. म्हणून नियम असा, की मोडलेल्या सुईचे सगळे तुकडे माझ्यासमोर आणायचे. मी ते जुळवून बघणार, सुई पूर्ण झाली तरच नवी सुई देणार. एक कण जरी सापडला नाही, तरी त्या मशीनवरचा सगळा माल थांबवायचा आणि एकेक नग तपासायचा. बाकी हजार कपडे चांगले असतील, तरी हजारच्या हजार थांबतात. शिवणाऱ्या बायका नगावर पैसे कमावतात, त्यामुळे माझा राग राग करतात. "आली सासू," म्हणायच्या. मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

आमचे मालक परबशेठ. वडील गिरणीत होते, गिरणी बंद झाल्यावर यांनी दोन मशीनवर धंदा सुरू केला. भला माणूस, पण रक्तदाब वाढलेला. आमच्यातली मंदा त्यांच्याच गावची, मालवणकडची. त्यामुळे सगळ्या जगासाठी ते शेठ, आणि मंदासाठी "अरे विनायका". मंदाचं तोंड तिच्या मशीनपेक्षा जोरात चालतं.

आमचा माल घ्यायची ती कंपनी डेन्मार्कची. तिथून दरवर्षी कारीनबाई यायच्या. उंच, हडकुळ्या, पांढरे केस पोरासारखे कापलेले. सोबत केतन नावाचा दलाल असायचा, मालाडचा मुलगा, त्यांचं इंग्रजी आम्हाला आणि आमची कटकट त्यांना समजावून द्यायचा. कारीनबाई आल्या की पहिल्यांदा माझ्या टेबलाशी यायच्या. मी बोलत नाही आणि त्यांचं मला कळत नाही, त्यामुळे आमचं छान जमायचं. त्या डबी उघडून मोडक्या सुया बघायच्या, मान हलवायच्या आणि माझ्या खांद्यावर हात ठेवायच्या. बस. त्या हातावर माझं वर्ष निघायचं.

एका वर्षी त्या गेल्यावर परबशेठनी सगळ्यांना गोळा केलं. चेहरा असा, जणू लॉटरी लागली.

"कंपनी आपल्यात पैसे घालणार आहे," म्हणाले. "नाहूरला नवीन गाळा घ्यायचा. याच्या तिप्पट मोठा."

"म्हणजे कर्ज?" मंदानं विचारलं.

"कर्ज नाय गं. बँक कर्ज देते, आपण मेलो तरी व्याज मागते. हे लोक म्हणतात, आमचे पैसे तुमच्या धंद्यात घाला. नफा झाला तर वाटून घेऊ, तोटा झाला तर दोघं सोसू. भागीदारी!"

"मग ते येडे आहेत," मंदा म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.

पैसे दोन हप्त्यांत येणार होते. पहिल्या हप्त्यात नवीन मशीनं आणि नाहूरच्या गाळ्याची अनामत. दुसऱ्यात बाकी सगळं, आणि त्यात सुई शोधणारं मोठं यंत्र. कपडे पट्ट्यावरून आत जातात आणि आत लोखंडाचा कण जरी असला तरी यंत्र बोंब मारतं. आमच्याकडे तेव्हा फक्त हातातलं छोटं यंत्र होतं, कपडे धुवायच्या धोपटण्यासारखं. ते एकेका नगावरून फिरवायचं. वेळखाऊ काम, म्हणून सुई हरवली तरच ते बाहेर निघायचं. करारात एक अट होती. नवीन गाळा सुरू व्हायच्या आधी काही कारणानं बेत मोडला, तर पहिला हप्ता परत करायचा. ती अट तेव्हा कुणी मनावर घेतली नाही. लग्नाच्या याद्या करताना घटस्फोटाचं कोण बघतं?

पहिला हप्ता आला, मशीनं आली, आम्ही त्यांना हार घातले. परबशेठ मला नाहूरला घेऊन गेले आणि कोपऱ्यातली एक खोली दाखवली. खिडकीवाली. "लीलाबाई, ही तुमची. सुईघर. दारावर पाटी लावू." मी काही बोलले नाही, पण घरी जाऊन आरशासमोर हसले. आमच्या घरात सहा माणसं आणि एक खोली. मला आयुष्यात पहिल्यांदा दार बंद करता येईल अशी जागा मिळणार होती!

आणि मग शहरात अतिरेक्यांचा हल्ला झाला.

त्या दिवसांबद्दल मी लिहिणार नाही. ज्यांच्या घरची माणसं गेली त्यांचा तो हक्क आहे. मी आमच्या गाळ्यापुरतं सांगते. आमच्यापासून ते सगळं लांब होतं. आमची काचसुद्धा तडकली नाही. लगेच गाळा उघडला, मशीनं सुरू, हजेरी पूर्ण. परबशेठ छाती फुगवून केतनला म्हणाले, "कळव त्यांना. सांग, एक दिवस काम बंद नाही ठेवलं."

केतन म्हणाला, "कळवलं, शेठ. ते अजून घाबरले. म्हणाले, तुमच्याकडे एवढं होऊन कोणाला काही वाटलंच नाही का?"

मग एकेक गोष्ट कळायला लागली. कंपनीनं आपल्या माणसांना मुंबईला यायची बंदी केली. विमा कंपनी म्हणाली, तिकडे माणूस पाठवलात तर आम्ही जबाबदार नाही. नवीन पैशांना तर कुणी हातच लावू देईना. आमच्या वरच्या मजल्यावर चामड्याच्या पिशव्या शिवायचे. त्यांचं परदेशी गिऱ्हाईक व्हिएतनामला गेलं, आणि वरची मशीनं एका महिन्यात शांत झाली. डोक्यावरचा तो खडखड आवाज बंद झाला तसं आम्हाला कळलं, की बॉम्ब जिथे फुटतो तिथेच फक्त फुटत नाही.

मी केतनला एकदाच, हळूच विचारलं, "आपण तर काही केलं नाही ना?"

"मावशी, पैसा चिमणीसारखा असतो. दाणे असतील तिथे येतो, पण कोणी टाळी वाजवली की भुर्र. टाळी कोणी वाजवली ते चिमणी बघत नाही."

पण कारीनबाई चिमणी नव्हत्या. त्या तिकडे भांडल्या. म्हणाल्या, मी स्वतः जाऊन बघते आणि मग तुम्हाला सांगते. शेवटी कंपनीनं परवानगी दिली, एका अटीवर. विमानतळापासून त्यांच्यासोबत सुरक्षेचा माणूस राहील आणि तो आपला वेगळा अहवाल देईल. त्या येणार, गाळा बघणार, आणि सगळं ठीक दिसलं तर दुसरा हप्ता सुटणार.

काय तयारी केली आम्ही! भिंतींना चुना, जिन्यात रांगोळी, खिडक्यांना झालरी. सगळ्या बायका ठेवणीतल्या साड्या नेसून आल्या. मला परबशेठनी ओवाळायला पुढे उभं केलं, कारण बाईंची ओळख माझ्याशी. माझ्या हातात ताट, ताटात निरांजन, कुंकू, तांदूळ. मंदा मध्येच गायब झाली होती, ते माझ्या लक्षातच आलं नाही.

आता आमच्याकडची पद्धत अशी, की कुणी मोठं माणूस आलं की फटाक्यांची माळ लावायची. नगरसेवक निवडून आला, माळ. क्रिकेटची टीम जिंकून आली, माळ. नवी रिक्षा घेतली तरी माळ. माळ नाही लावली तर पाहुण्याला वाटेल, आपली काही किंमतच नाही. मंदानं गणपतीतली उरलेली मोठी माळ घरून आणली होती आणि खाली गेटच्या आत अंथरून ठेवली होती. एवढ्या बायकांमध्ये एकीलासुद्धा वाटलं नाही, की आज नको. मला पण नाही. खोटं कशाला लिहू, मला तर माळ बघून आनंदच झाला असता.

कारीनबाई जिना चढून वर आल्या. पांढरा सदरा, मागे तो सुरक्षेचा माणूस, त्याच्यामागे केतन. त्यांनी मला बघितलं आणि हसल्या. मी ताट उचललं. आणि खालून धडाड-धड-धड-धड!

पुढचं सगळं एका क्षणात झालं. बाई किंचाळल्या नाहीत. पळाल्या नाहीत. त्यांनी झेप घेतली, माझी मान धरली, मला तपासणीच्या टेबलाखाली ढकललं आणि माझ्या अंगावर आडव्या पडल्या. ताट उडालं. निरांजन विझलं. त्यांचा हात माझ्या डोक्यावर गच्च, त्यांचं काळीज माझ्या पाठीवर धाडधाड आपटतंय. मला कळेना काय झालं. फटाके वाजतायत, बाहेर बायका टाळ्या वाजवतायत, आणि ही बाई माझ्यावर घर पडत असल्यासारखी मला झाकून पडलीय!

कुंकवाचा करंडा त्यांच्या सदऱ्यावर सांडला होता. केतननं ते लाल बघितलं आणि तो ओरडला, "ब्लड! ब्लड!" सुरक्षेच्या माणसानं त्याला भिंतीशी दाबलं आणि फोनवर काहीतरी भराभर बोलायला लागला. परबशेठ नुसते "फटाके, फटाके, क्रॅकर, क्रॅकर" करत गोल फिरत होते.

तेवढ्यात मंदा घामानं डबडबलेली वर आली. "काय, कशी वाजली?"

फटाके संपले होते. धुराचा वास जिन्यातून वर येत होता.

मंदानं टेबलाखाली वाकून बघितलं. "अगो बाय माझे," एवढंच म्हणाली आणि तिथेच खाली बसली.

कारीनबाईंना केतननं समजावलं. त्या टेबलाखालून निघाल्या. त्यांनी आधी माझं डोकं चाचपलं, हात बघितले, कुठे लागलंय का ते. हाताला लाल लागलं तेव्हा त्या घाबरल्या, मग ते कुंकू आहे हे कळलं आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. पाणी मागितलं. रागावल्या नाहीत. मंदा पाया पडायला गेली तर तिला उठवलं. पण सुरक्षेचा माणूस थांबायला तयार नव्हता. तो त्यांना गाडीत घालून घेऊन गेला. गाळ्यातली एकही रांग त्यांनी बघितली नाही. नवीन सुईघर तर नाहीच.

कंपनीकडे दोन कागद गेले. कारीनबाईंनी लिहिलं, तो स्वागताचा फटाका होता, माणसं चांगली आहेत, काम चालू ठेवा. सुरक्षेच्या माणसानं लिहिलं, स्फोटाचे आवाज आले, पाहुणीला जागेवरून हलवावं लागलं. कंपनीनं दुसरा कागद धरला. बेत रद्द. पहिला हप्ता परत करा.

सगळ्या बायका त्या कंपनीला शिव्या घालत होत्या. मला मात्र शिव्या देता येईनात. मी काय वेगळं करते? एक टोक सापडलं नाही तर मी हजार चांगले कपडे थांबवते. कपडे मला म्हणू शकतात का, आमचा काय दोष? त्यांनी आमच्या अख्ख्या शहराचा लॉट थांबवला होता. माझा नियम मला लागू पडला तेव्हा तो किती टोचतो, ते कळलं.

परत करा म्हटलं तरी पैसे होते कुठे? मशीनं घेतली होती. नाहूरची अनामत अर्धीच परत मिळाली, तीही पगारात गेली. परबशेठचा मेहुणा सुरेश गाळ्यात येऊन खुर्चीवर पाय पसरून म्हणाला, "बुडव रे बिनधास्त. ते विमानात बसायला टरकतात, ते काय वसुलीला येणार विक्रोळीत?"

आम्ही सगळ्या कान देऊन शिवत होतो. मशीनचा आवाज कमी कमी होत गेला.

परबशेठ म्हणाले, "सुरेश, आता ते काय म्हणतात? की मुंबईत बॉम्ब फुटतात. उद्या काय म्हणतील? तिथे बॉम्ब पण फुटतात आणि पैसे पण बुडतात. पहिलं आपल्या हातात नव्हतं. दुसरं आहे."

मंदा मशीनवरूनच ओरडली, "विनायका, माझो बोनस काप! माळ मी लावलंय!"

"गप बस गं, माळेचे पैसे नाय मागत कोणी," शेठ म्हणाले, आणि इतक्या दिवसांनी गाळ्यात हसू फुटलं.

मग ठरलं ते असं. कंपनी आमच्याकडून कपडे घेत राहणार. दर मालाच्या बिलातून थोडी रक्कम कापून घेणार, हप्ता फिटेपर्यंत. पण एक होतं. माल परत आला किंवा ऑर्डर बंद झाली, तर बिल नाही, आणि बिल नाही तर फेड नाही. म्हणजे सगळं आमच्या शिवणीवर आलं, आणि शिवणीतलं सगळं सुईवर. मला रात्री स्वप्नात टोकं दिसायची.

वर्षं गेली. कापलेल्या बिलावर गाळा चालवायचा म्हणजे पगारवाढ नाही, दिवाळीला फक्त फराळाचा डबा. काहीजणी सोडून गेल्या, त्यांना नावं ठेवणार नाही. मध्ये दुसऱ्या शहरात स्फोट झाला तेव्हा बंदरावर आमचे खोके उघडून उघडून तपासले, माल उशिरा पोचला आणि त्याचा दंड आम्हीच भरला. आम्ही तिथे नव्हतो, त्या शहरात आमचं कुणी नव्हतं, तरी बिल आमचं!

पण मला लिहायचंय ते त्या पिवळ्या कपड्यांच्या ऑर्डरबद्दल. गेल्या सगळ्या वर्षांतली सर्वात मोठी ऑर्डर. ती वेळेवर गेली तर फेडीचा मोठा लचका निघणार होता. माल जवळजवळ पूर्ण, खोके भरायला सुरुवात, खाली ट्रक उभा. दुपारचं जेवण झालं आणि मंदाच्या मशीनवर कट्ट असा आवाज आला.

मंदा माझ्याकडे आली. "हे घे तुकडे. नवी दे पटकन."

मी जुळवले. टोक नव्हतं.

"टोक?" मी म्हटलं.

"पडलं असेल गं खाली. लीले, ट्रक उभा आहे, दिसत नाय?"

मी मान हलवली. नाही.

"अगं, माझ्या मशीनचा माल सगळा मिसळलाय खोक्यांत! उघडत बसलीस तर उद्याचा सूर्य उगवेल!"

परबशेठ आले. घाम पुसत होते. त्यांनी एकदा ट्रककडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "लीलाबाई," हळू म्हणाले, "आज एक दिवस जाऊ दे. खालीच पडलं असणार. बोट चुकली तर सगळं गेलं."

सगळ्या बायका मशीनं थांबवून माझ्याकडे बघत होत्या. माझी जीभ टाळ्याला चिकटली. मी काय केलं, तर सुयांची पेटी बंद केली, खुर्चीवर ठेवली आणि तिच्यावर बसले. कुणीतरी खिदळलं. आणि मग माझ्याच तोंडातून कुणा दुसरीचा आवाज आल्यासारखा आवाज आला.

"ती बाई माझ्या अंगावर पडली होती. बॉम्ब आहे असं समजून. मला वाचवायला. तिच्या देशातल्या बाळाला मी हे टोक पाठवू?"

मी एवढं लांब वाक्य त्या गाळ्यात कधीच बोलले नव्हते. परबशेठनी डोक्याला हात लावला आणि म्हणाले, "खोके उघडा."

मग काय धमाल उडाली! ट्रकवाल्याला वर बोलावून कांदाभजी आणि चहा, म्हणजे तो कुरकुर करणार नाही. खोके फोडले, पिवळ्या कपड्यांचा डोंगर झाला. दोघी पिशव्यांतून नग काढतायत, मी यंत्र फिरवतेय, दोघी घड्या घालतायत, दोघी परत भरतायत. माझ्या खांद्यातून कळा येत होत्या. यंत्र गप्प. गप्प. गप्प. आणि एका टोपऱ्याच्या कडेवर, टीं!

बायकांनी आरोळी ठोकली. "सापडलं! भरा रे!" परबशेठनी देवाला हात जोडले. मी ती कड उसवली, टोक चिमट्यानं काढलं आणि मंदाच्या सुईच्या तुकड्याशी लावलं.

लागेना. हे टोक जाड होतं. मंदाची सुई बारीक.

मी पुन्हा लावलं. नाहीच.

"हे मंदाचं नाही," मी म्हटलं.

क्षणभर कुणाला अर्थच कळला नाही. मग एकेकीच्या चेहऱ्यावर तो उतरला. म्हणजे आधी कधीतरी कुणाचीतरी सुई मोडली होती, तिनं माझ्याकडे न येता घाईत जवळ लपवलेली एखादी जुनी सुई लावली होती, आणि ते टोक बाळाच्या टोपऱ्यात बसून डेन्मार्कला निघालं होतं. आज मंदाची सुई मोडली नसती तर पोचलंही असतं. मी कुणाकडे बघितलं नाही. विचारलं नाही. पण त्यानंतर "ट्रक उभा आहे" असं एकीनंही म्हटलं नाही.

मंदाचं टोक अजून राहिलं होतं. डोंगर संपत आला. दिवे लागले. मंदा माझ्या शेजारी वाकून शेवटचे नग देत होती आणि यंत्र पुन्हा वाजलं. नग ठेवला, तरी वाजतंय. मी यंत्र वर केलं. मंदाच्या डोक्याशी जास्तच वाजतंय.

"ते माझे आकडे आहेत गं केसांतले!" मंदा म्हणाली. तिनं एकेक आकडा उपसून टेबलावर ठेवला. यंत्र फिरवलं. टीं! "माझ्या डोक्यात लोखंड भरलंय काय?" तिनं अंबाडा सोडला, केस झटकले, आणि टेबलावर टुक्क करून ते टोक पडलं. बारीक, चकचकीत. तुकड्याला लावलं, जुळलं!

त्या अंबाड्यावरून ती अजून शिव्या खाते. ट्रक गेला, बोट मिळाली. परबशेठनी दोन्ही टोकांची गोष्ट केतनकडून कंपनीला जशीच्या तशी कळवली. सुरेश म्हणाला, "स्वतःच्या पायावर धोंडा!" आम्ही सगळ्या श्वास धरून बसलो. तिकडून बरेच दिवस काही आलं नाही. मग पुढची ऑर्डर आली, नेहमीसारखी. तेच उत्तर होतं.

त्यानंतर देणं भराभर उतरत गेलं. आणि आज दुपारी जेवणाच्या सुट्टीआधी केतन स्वतः आला. त्यानं परबशेठला मोबाईल दाखवला. शेठनी चष्मा लावला, काढला, परत लावला. मशीनं आपोआप थांबली. केतननं इंग्रजीत काहीतरी वाचलं, पण कुणाला कळेना, आणि शेठच्या तोंडातून शब्द फुटेना.

तेव्हा मी उभी राहिले. मी! आणि भर गाळ्यात मोठ्यानं विचारलं, "फिटले का?"

"फिटले, मावशी," केतन म्हणाला. "पहिला हप्ता पूर्ण पोचला त्यांना. बाकी शून्य."

जो कल्ला झाला तो रस्त्यापर्यंत गेला असेल. मंदानं मला उचलायचा प्रयत्न केला आणि दोघी पडलो. मी हसत होते, रडत होते, आणि या सगळ्या गोंधळात केतनला विचारलं, आता कारीनबाई परत पैसे घालतील का? नाहूरला?

त्यानं मान हलवली. कंपनीनं तेवढ्यात दुसऱ्या देशात कारखाना काढलाय. कारीनबाई निवृत्त झाल्या. आमचे कपडे घेतील, भागीदारी नाही.

परबशेठ खुर्चीत बसले होते. म्हणाले, "आता आपण कोणाचे देणेकरी नाही. आणि आपला कोणी भागीदार पण नाही." मग एकदम उठले, शर्टाच्या बाहीनं चष्मा पुसला आणि आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पण बुडवले म्हणून कोणी बोट दाखवणार नाही. हप्ता परत गेला. शेवटच्या पैशासकट."